रेघ, फुली आणि दोन नावे

दोन शब्दांमध्ये तिरकी रेघ दिसली की आपण ती ‘किंवा’ अशी वाचतो : होय/नाही, श्री./श्रीमती. शाळेच्या व्याकरणात हा वैकल्पिक द्वंद्व. आवडत्या मालिका-कादंबऱ्यांतील पात्रे घेऊन चाहते ज्या कथा लिहितात, त्या फॅन फिक्शनमध्ये मात्र हीच रेघ ‘आणि’ म्हणते, तेही प्रेमाने. ‘कर्क/स्पॉक’ म्हणजे या दोघांची प्रेमकथा. रेघेच्या जागी ‘&’ आले तर नाते मैत्रीचे किंवा घरोब्याचे. एवढ्याशा खुणेने लेखिका वाचकाला पुढे काय वाढून ठेवले आहे ते आधीच सांगते. या सौजन्याची ओळख करून देणे, हा या प्रस्तावनेचा हेतू.

कर्क आणि स्पॉक हे ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या अमेरिकी मालिकेचे नायक. मालिका संपली, तरी चाहत्यांनी, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, पदरमोड करून काढलेल्या अनियतकालिकांतून त्यांच्या कथा पुढे चालू राहिल्या. सत्तरच्या दशकात त्यांतल्या प्रेमकथांना त्या रेघेवरूनच ‘स्लॅश’ हे नाव पडले. पुढे नव्वदच्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’मधील मल्डर आणि स्कली यांनी एकत्र यावे, असे वाटणारे चाहते स्वतःला ‘रिलेशनशिपर’ म्हणवू लागले. त्याचे ‘शिपर’ झाले आणि जोडीला ‘शिप’ म्हणण्याचा प्रघात पडला.

जोडनावांची रीत आपल्याला अनोळखी नाही. ‘विरुष्का’ आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. जॉन आणि शेरलॉक यांचे ‘जॉनलॉक’ त्याच घडणीचे. जपानी चाहत्यांनी दोन नावांमध्ये गुणाकाराची फुली घातली. पण दोन गुणिले तीन काय आणि तीन गुणिले दोन काय, असे इथे चालत नाही. पुरुषांमधील प्रेमाच्या कथांत पहिले नाव पुढाकार घेणाऱ्याचे, दुसरे तो स्वीकारणाऱ्याचे. नावांची अदलाबदल केली की जोडीच वेगळी, आणि तिचे वाचकही वेगळे.

२००९मध्ये वाचकांसाठी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात एकाच जोडीची निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली नावे स्वयंसेवक एका मुख्य नावाखाली जोडून देतात. म्हणून वाचक कोणत्याही नावाने शोधत आला, तरी त्याला हवी ती कथा सापडते. ग्रंथपालाला शोभेल अशा या चिकाटीमागे पगार नाही, हौस आहे. या संग्रहाला २०१९मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. विद्यापीठीय अभ्यासकांचे लक्ष या जगाकडे त्याच्या कितीतरी आधी गेले होते. हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचे ग्रंथ १९९२चे.

नव्या वाचकांनी सुरुवात स्वतःच्या आवडीच्या कलाकृतीपासून करावी. कथेत शिरण्याआधी तिच्या माथ्यावरच्या खुणा सावकाश वाचाव्यात : जोडी कोणती, शेवट गोड की जिवाला लागणारा, प्रेम झटपट जुळणारे की ‘स्लो बर्न’, म्हणजे मंद आचेवर शिजणारे. एखादी जोडी तुम्हाला विसंगत वाटेल. तेव्हा लगेच पान मिटू नका. मूळ कृतीतला कोणता कटाक्ष, कोणते अर्धवट राहिलेले वाक्य तिथे धागा म्हणून उचलले आहे, ते शोधून पाहा. आणि कधी माथ्यावर ‘इशारे न देण्याचे लेखिकेने ठरवले आहे’ अशा अर्थाची ओळ भेटेल. ती ओळही खूणच समजा : पुढे काहीही असू शकते. आत जायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवायचे.