शिक्षणाकडे परतणाऱ्या स्त्रिया आणि हिंगण्याचा निवासी प्रयोग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शिक्षण मध्येच सुटलेल्या किंवा वेळेवर मिळूच न शकलेल्या प्रौढ व्यक्तीने पुन्हा विद्यार्थी व्हावे, हा विचार राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुविध प्रवेश व निर्गमनाच्या तरतुदीमुळे चर्चेत आला. महाराष्ट्रात मात्र त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगणे येथील आश्रमाकडे विधवोद्धाराचे कार्य म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार परतणाऱ्या विद्यार्थिनींचा निवासी समूह या अंगाने केला आहे.

या प्रयोगाचे मूळ पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनात सापडते. तेथील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी कर्वे यांचा १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला. पुढे १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या माळरानावर १९०० मध्ये आश्रमाची झोपडी उभी राहिली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि हिंगणे-पुणे अंतर पायी तोडीत.

निवासाची गरज का भासली, हा येथील कळीचा प्रश्न आहे. तत्कालीन घरात विधवा म्हणजे बिनवेतनाचे मनुष्यबळ होते. स्वयंपाक, सोवळेओवळे, बाळंतपणे यांतून तिची सुटका नव्हती. अशा स्त्रीसाठी गावात शाळा काढली, तरी ती शाळेत पोचणार कशी? तिला घराबाहेर काढणे एवढेच पुरेसे नव्हते. राहण्यास दुसरे घर देणे भाग होते. आश्रमाने नेमके तेच केले. शिवाय सोबतच्या सगळ्याच जणी उशिरा शिकणाऱ्या असल्यामुळे थोराड वयात मुळाक्षरे गिरवण्याची लाज तेथे उरत नसे. पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिक्षणाकडे वळल्या. पुढे आश्रमाचा निधी गोळा करण्यासाठी त्या गावोगाव फिरल्या आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्वे यांनी १९१६ मध्ये मातृभाषा माध्यमाचे महिला विद्यापीठ स्थापिले. त्यामागे आश्रमातील वीस वर्षांचा हा अनुभव होता.

या प्रयोगाच्या मर्यादा झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. आरंभी येथे ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. लोकांचा रोष ओढवू नये म्हणून पुनर्विवाहाचा प्रश्नही संस्थेपासून कटाक्षाने दूर ठेवला गेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहांच्या द्वारे बहुजन समाजास शिक्षणाची दारे उघडली, हे खरे; पण ती वसतिगृहे मुख्यतः शिकण्याच्या वयातील मुलांची होती. वय उलटलेल्या बहुजन स्त्रीसाठी हिंगण्याच्या तोडीची व्यवस्था त्या काळात रुजली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून परतीची वाट सोपी केली, तीही घर न सोडता. परंतु हिंगण्याने ओळखलेली अडचण घरातच होती. सोनईसारख्या ठिकाणी अध्यापन करताना याची वारंवार प्रचीती येते. द्वितीय वर्षात लग्न होऊन नाव कमी झालेली विद्यार्थिनी दोन-चार वर्षांनी चौकशीस येते. तिचे जुने श्रेयांक आता शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहू शकतात, पुन्हा प्रवेशही मिळू शकतो. वसतिगृहाची नियमावली मात्र अठरा वर्षांची अविवाहित मुलगी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. राहायचे कुठे आणि मूल कोणाजवळ ठेवायचे, हे ती कार्यालयाच्या खिडकीशी विचारते, आणि प्रवेश अर्जात त्यासाठी रकाना नसतो.