खान नूनियन सिंग आणि त्याचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी हा दंडक कधीच मानलेला नाही. मालिका संपते, पात्रे पडद्याआड जातात. परंतु पुढे त्यांचे काय झाले, त्यांचे आईबाप कोण होते, या मालिकेतील अमुक हा त्या मालिकेतील तमुकाचा पणजोबा तर नसेल, याची चौकशी वर्षानुवर्षे चालू राहते. अशा चौकशीतून तयार झालेल्या जाडजूड वंशावळींपैकी एक 'स्टार ट्रेक'ची आहे. 'एनबीसी' या अमेरिकी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली ही अंतराळमालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेले वाचक कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक यांना विसरलेले नसतील. याच मालिकेत एका भागापुरता एक भारतीय येऊन गेला होता. खान नूनियन सिंग हे त्याचे नाव. त्याच्या कुळाच्या बाबतीत लेखक, प्रेक्षक आणि मालिकेचे मालक या तिघांनी जे केले, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

हा खेळ अर्थातच दूरचित्रवाणीपेक्षा जुना आहे. १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांतील विसंगती उलगडण्यासाठी पंडित जी चिकित्सापद्धती वापरतात, तीच त्याने होम्सकथांना लावली आणि तीही अत्यंत गंभीर चेहऱ्याने. डॉ. वॉटसनला गोळी खांद्याला लागली की पायाला, त्याची लग्ने नेमकी किती झाली, अशा प्रश्नांवर पुढे ग्रंथच्या ग्रंथ निघाले. लेखक कॉनन डॉयल विसरला, हे उत्तर द्यायचे नाही, एवढाच या खेळाचा नियम. १९६२ मध्ये विल्यम बेअरिंग-गूल्ड याने होम्सचे 'चरित्र' लिहिले आणि रेक्स स्टाउटचा स्थूलदेही गुप्तहेर नीरो वुल्फ हा होम्स व आयरीन अॅडलर यांचा पुत्र असावा, असे सुचवून टाकले. ग्राह्य मानलेल्या ग्रंथांसाठी चर्चने वापरलेला 'कॅनन' हा शब्दही होम्सभक्तांनीच कथावाङ्मयात आणला. आज मालिकांचे चाहते याच शब्दावरून हमरीतुमरीवर येतात.

होम्स आणि 'स्टार ट्रेक' यांची सोयरीकही जुळलेली आहे. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात स्पॉक होम्सचे एक प्रसिद्ध तर्कसूत्र उद्धृत करतो आणि ते आपल्या एका पूर्वजाचे असल्याचे सांगतो. चित्रपटाचा दिग्दर्शक निकोलस मेयर याने १९७४ मध्ये होम्सवर एक गाजलेली कादंबरी लिहिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होतो. स्पॉकची आई पृथ्वीवरची असल्यामुळे हे नाते मातृकुळाकडून असणार, हे उघड आहे. मात्र तो पूर्वज म्हणजे होम्स की डॉयल, यावर चाहत्यांचे अद्याप एकमत नाही.

स्पॉकच्या आईची कथा तर नमुनेदारच म्हणावी लागेल. आरंभीच्या एका भागात तो आपल्या कोणा पूर्वजाने मानवी स्त्रीशी विवाह केल्याचे सांगतो. थोड्याच भागांनंतर ती स्त्री म्हणजे त्याची प्रत्यक्ष आईच ठरते. मालिका अनेक हातांनी लिहिली जात होती, दर आठवड्याला नवा भाग हवा असे आणि तो पुन्हा पाहून कोणी ताळा करील, ही कल्पनाही तेव्हा नव्हती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पटकथाकार डी. सी. फोंटाना यांनी सॅरेक आणि अमांडा या मातापित्यांना अखेर पडद्यावर आणले. बापलेकांमध्ये अठरा वर्षांचा अबोला आहे, हेही तेव्हाच कळले. पुढे १९८९ च्या चित्रपटात स्पॉकला अचानक एक सावत्र भाऊ लाभला आणि २०१७ च्या 'डिस्कव्हरी' मालिकेत त्याच घरात वाढलेली एक मानलेली बहीण! इतकी वर्षे या बहिणीचे नावही कसे निघाले नाही? लेखकांनी २०१९ मध्ये तोडगा काढला. तिच्या जहाजाचा आणि त्यावरील माणसांचा उल्लेख करणे हा यापुढे देशद्रोह समजावा, अशी शिफारस खुद्द स्पॉकच्याच तोंडी घातली. लेखकांची अडचण इतक्या कडक कायद्याने क्वचितच सोडवली गेली असेल.

या रिकाम्या जागा प्रेक्षकांनी फार लवकर हेरल्या. मालिका चालू असतानाच, १९६७ मध्ये, 'स्पॉकनेलिया' हे चाहत्यांचे अनियतकालिक अमेरिकेत निघाले. टंकलिखित, चक्रमुद्रित, टपालाने वाटलेले. (आपल्याकडे लघु-अनियतकालिकांची चळवळ त्याच दशकातली, हेतू मात्र अगदी निराळे.) त्यांत लिहिणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्येने होत्या, आणि त्यांना अंतराळयुद्धांपेक्षा सॅरेक-अमांडाचा संसार कसा चालला असेल, यात अधिक रस होता. इंग्रजीच्या प्राध्यापक जीन लोरा यांनी १९७६ मध्ये याच दांपत्यावर स्वतःच्या हौसेने कादंबरी प्रसिद्ध केली. १९८४ मध्ये त्यांचीच 'स्टार ट्रेक'वरील परवानाप्राप्त कादंबरी बाजारात आली. मालिकेचा जनक जीन रॉडेनबेरी याने चाहत्यांच्या कथांच्या १९७६ मधील संग्रहाला प्रास्ताविक लिहून दिले होते.

अशा लेखनातून अनेक पात्रांना नावे मिळाली. सुलू याचे पहिले नाव मूळ मालिकेत कधीच उच्चारले गेले नव्हते. व्होंडा मॅकिन्टायर यांनी १९८१ च्या कादंबरीत त्याला 'हिकारू' म्हटले आणि दहा वर्षांनी चित्रपटाने ते स्वीकारले. उहूरा हिचे 'न्योटा' हे नाव १९८२ च्या एका पुस्तकातून आले व २००९ च्या चित्रपटात रुजू झाले. परंतु मालकांचा नियम आजतागायत साधा आहे. पडद्यावर दिसले ते ग्राह्य; पुस्तकातले, मग त्याला त्यांनीच परवाना दिलेला का असेना, केवळ कल्पना. हा नियम त्यांना फार सोयीचा आहे. हवे ते उचलता येते, नको ते नाकारता येते आणि दोन्ही वेळा कोणाला विचारावे लागत नाही.

चाहत्यांनी लेखणी सोडून कॅमेरा हाती घेतला, तेव्हा या सोयीची दुसरी बाजू दिसली. 'अॅक्सनार' या नियोजित चित्रपटासाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून अधिक वर्गणी गोळा झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट व सीबीएस या कंपन्यांनी न्यायालयात दावा लावला. जून २०१६ मध्ये त्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियमावली जाहीर केली. एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत अर्ध्या तासाची. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. मानधन कोणालाही नाही. जानेवारी २०१७ मध्ये दावा तडजोडीने मिटला. कागदावरील कथा त्यातून सुटल्या, कारण त्यांत पैसा नव्हता.

या पार्श्वभूमीवर खानाकडे वळू. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी दाखवल्या गेलेल्या 'स्पेस सीड' या भागात एका जुन्या यानात गोठलेल्या अवस्थेत तो सापडतो. आनुवंशिक प्रयोगांतून घडवलेला अतिमानव. १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर राज्य केलेला हुकूमशहा. कथेच्या पहिल्या आराखड्यात हे पात्र उत्तर युरोपीय होते, पुढे ते भारतीय झाले. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान याने. त्याचे भारतीयत्व कशावर आधारलेले आहे? जहाजावरील इतिहासकार मार्ला मॅकगिव्हर्स त्याचा चेहरा पाहून तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा कयास करते आणि नंतर त्याचे पगडीतील चित्र रंगवते. झाले! 'खान' आणि 'सिंग' एकाच नावात कसे, असा प्रश्न कोणाही भारतीयाला पडेल. लेखकांना तो पडलेला दिसत नाही. 'नूनियन' हे रॉडेनबेरीच्या युद्धकाळातील एका परिचिताच्या नावावरून घेतले, असे सांगितले जाते.

भागाच्या अखेरीस कर्क खानाला एका ओसाड ग्रहावर सोडतो आणि मार्ला स्वखुशीने त्याच्यासोबत जाते. शंभर वर्षांनी परत येऊन येथे काय उगवले ते पाहायला हवे, अशा अर्थाचे स्पॉक बोलतो. पंधराच वर्षांनी, १९८२ च्या चित्रपटात, उत्तर मिळाले. ग्रह उजाड झाला आहे, खानाची पत्नी मरण पावली आहे आणि तो सूडाने पेटला आहे. ही पत्नी मार्लाच, असे प्रेक्षकांनी धरले. चित्रपट मात्र तिचे नाव घेत नाही. याच चित्रपटात खान चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो. वास्तविक 'स्पेस सीड'च्या वेळी चेकॉव्ह मालिकेत आलेलाच नव्हता. तो तेव्हा जहाजाच्या खालच्या मजल्यावर कामाला असणार, असे चाहत्यांनी ठरवले. त्याने प्रसाधनगृह अडवून ठेवल्यामुळे खानाला ताटकळावे लागले, म्हणून चेहरा लक्षात राहिला, असा खुलासा चेकॉव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग गमतीने करत.

खानाला बालपण दिले ते ग्रेग कॉक्स या कादंबरीकाराने. त्याच्या २००१ आणि २००२ मधील दोन कादंबऱ्यांत खानाची आई सरिना कौर ही भारतीय शास्त्रज्ञ आहे, राजस्थानच्या वाळवंटाखाली गुप्त प्रयोगशाळा आहे आणि १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी दंगलीत कोवळ्या वयाचा खान मरता मरता वाचतो. प्रत्यक्षात १९९६ साल उलटून गेले होते आणि कोणताही अतिमानव राज्यावर आलेला नव्हता. म्हणून कॉक्सने खऱ्या घटनांच्या आडून ते युद्ध गुपचूप घडवले. २००५ मध्ये त्याने मार्लाचा शेवटही लिहिला. मॉन्टलबानच्या खानापेक्षा हा खान आपल्याला कितीतरी ओळखीचा वाटतो. परंतु ही सारी पुस्तके, म्हणजे नियमानुसार अग्राह्य.

पडद्यावर वेगळेच घडत गेले. २०१३ च्या चित्रपटात खानाची भूमिका ब्रिटिश अभिनेता बेनेडिक्ट कंबरबॅच याला मिळाली. उत्तर भारतीय खान गोरा कसा झाला, या तक्रारीवर एका चित्रकथामालिकेत शस्त्रक्रियेने चेहरा बदलल्याचे स्पष्टीकरण आले. २०२२ च्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मालिकेत खानाची वंशज ला'आन नूनियन-सिंग अवतरली आणि पूर्वजाच्या नावामुळे तिला शाळेत सोसावा लागलेला छळही कळला. २०२३ च्या एका भागात ती भूतकाळात जाऊन लहानग्या खानाला भेटते, ते एकविसाव्या शतकातील टोरांटोत. कालप्रवाशांच्या ढवळाढवळीने १९९२ चे युद्ध पुढे ढकलले गेले, हा त्यामागचा खुलासा. दिल्ली आणि राजस्थान वंशावळीतून पुसले गेले ते असे.

नूनियन नावाचे आणखी एक कोडे होते. १९८८ मध्ये 'डेटा' या यंत्रमानवाच्या निर्मात्याचे नाव डॉ. नूनियन सूंग असल्याचे उघड झाले आणि त्याचे खानाशी नाते लावण्याचा उद्योग सुरू झाला. २००४ मध्ये लेखकांनी सूंगच्या पूर्वजाला खानाच्या काळातील भ्रूणांपासून अतिमानव वाढवताना दाखवले. २०२२ मध्ये त्याहून जुना एक सूंग 'प्रोजेक्ट खान' असे लिहिलेली फाइल बाहेर काढताना दिसला. नाते रक्ताचे निघाले नाही, प्रयोगशाळेचे निघाले.

२०२५ मध्ये खानाच्या वनवासावर श्राव्य मालिका आली. तिची मूळ कथा निकोलस मेयर यांचीच. खानाला आवाज दिला तो भारतीय वंशाचे ब्रिटिश अभिनेते नवीन अँड्र्यूज यांनी, आणि त्या ओसाड ग्रहावर मार्ला मॅकगिव्हर्स आपल्या नावानिशी त्याच्यासोबत आहे.