धक्का मोकळा, तरी जहाज ताटकळलेलं

आपण मिरकरवाड्यात जमलोय, तेव्हा सुरुवात इथल्याच जेटीपासून करू. दिवसातले काही तास ती बऱ्यापैकी मोकळी असते. मग एकदम नौकांची गर्दी होते. मासळी उतरायची, बर्फ भरायचा, डिझेल घ्यायचं, आणि सगळ्यांना ते एकाच वेळी हवं असतं. त्यात गाळ साचला असेल तर जड नौकेला भरतीशिवाय आत येता येत नाही, म्हणजे गर्दीची वेळ चंद्र ठरवतो! दिवसभराची सरासरी काढली तर जेटी पुरेशी आहे असंच कागदावर दिसेल. तांडेलाला मात्र सरासरीत नौका लावता येत नाही.

बंदरांच्या इतिहासात आपण धक्के कधी बांधले, कोणी बांधले हे वाचतो. जहाजं किती थांबली, हे फारसं कुणी लिहीत नाही. आज आपण त्या थांबण्याकडे बघू.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना मुंबईची बोट आठवत असेल. ती रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. मग इथून पडाव जायचे, आणि माणसं, ट्रंका, करंड्या त्यांत उतरायच्या. लाटेवर पडाव खालीवर होत असताना पोरांना वरून खाली देणं म्हणजे काय दिव्य होतं, ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. समुद्रात जागेला तोटा नव्हता. तरी बोट किती वेळ अडकणार हे पडाव किती आहेत आणि वारा कसा आहे यावर ठरायचं. पावसाळ्यात तर सेवाच बंद. बंदराची ताकद त्याच्या सगळ्यात अरुंद जागेइतकीच असते, हे कोकणाला पडावांनी शिकवलं.

मुंबईतही बराच काळ हेच चाललं होतं. मोठी जहाजं मधल्या पाण्यात उभी, आणि माल छोट्या गलबतांतून किनाऱ्यावर. 1869 साली सुएझ कालवा उघडला आणि वाफेच्या बोटी वाढल्या. शिडाच्या जहाजापेक्षा आगबोट महाग, तेव्हा तिचा उभा राहिलेला दिवसही महाग. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक. (ससून डॉकवर आज मासळी उतरते, म्हणजे तो आपला भाऊबंदच झाला.) हे डॉक व्यापार वाढला म्हणून झाले असं आपण म्हणतो. आमच्या मते थांबणं परवडेनासं झालं, हे कारण तितकंच मोठं होतं.

1956 नंतर जगात कंटेनर आला. जिथे माल उतरवायला दिवस लागत, तिथे तास लागू लागले. मुंबई बंदरावरचा ताण कमी करायला समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा उभं राहिलं, 1989 मध्ये. पहिल्या कंटेनर टर्मिनलचा धक्का 680 मीटरचा. 1999 मध्ये 600 मीटरचं खासगी टर्मिनल आलं, 2006 मध्ये 712 मीटरचं, 2018 मध्ये आणखी 1000 मीटरचं. एवढा धक्का वाढला, तर रांग संपायला हवी नं?

इथे जरा हिशेब करू, घाबरू नका. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. लोक फोन कधी करतील ते सांगता येत नाही, मग लाइनी किती ठेवायच्या, हा त्याचा प्रश्न. 1909 मध्ये त्याने त्यावर पहिला निबंध लिहिला. तेच गणित धक्क्याला लावा. एक धक्का, प्रत्येक जहाजाला सरासरी 12 तास. जहाजं केव्हाही येतात आणि काम कधी लवकर, कधी उशिरा आटपतं. धक्का निम्मा वेळ गुंतलेला असेल तर जहाज सरासरी 12 तास थांबतं. 80 टक्के वेळ गुंतलेला असेल तर 48 तास. 90 टक्के झाला की 108 तास, म्हणजे साडेचार दिवस! आणि तेव्हाही धक्का दहा टक्के वेळ रिकामाच असतो. वरून बघणारा साहेब म्हणतो, अजून जागा आहे की.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेने 1970 च्या दशकात बंदर आखणाऱ्यांसाठी पुस्तिका काढली, तीत एकट्या धक्क्याला 40 टक्क्यांच्या आसपासच गुंतवा असा सल्ला होता. धक्के जास्त असतील तर हा आकडा वर नेता येतो. कारण साधं आहे. दोन धक्क्यांना एकच सामाईक रांग लावली, तर 80 टक्क्यांनाही 48 तासांचे सुमारे 21 होतात. दोन वेगळ्या रांगा ठेवल्या तर 48 च राहतात. वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनलं शेजारी असली, तरी एकीकडचं जहाज दुसरीकडच्या रिकाम्या धक्क्यावर सहज लावता येत नाही. त्यामुळे मीटर वाढतात त्या मानाने थांबणं कमी होत नाही. स्पर्धेचे फायदे आम्ही नाकारत नाही, पण वेगळ्या रांगेची ही किंमत कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात ऐकलेली आठवत नाही.

आणि ती भरतं कोण? 1975 मध्ये नायजेरियाने बंदराच्या आवाक्याबाहेरचं सिमेंट मागवलं आणि लागोसबाहेर शेकडो जहाजं उभी राहिली. जहाजमालकांना उभं राहण्याचे पैसे मिळत होते, भरत होतं ते सरकार. नाशिकच्या द्राक्षांचा थंड कंटेनर अडकला तर विजेचा खर्च चढतो, आणि माल तिकडे जुना होऊन पोचतो. मिरकरवाड्यात बाहेर थांबलेल्या नौकेला मात्र उभं राहण्याचा एक पैसा कुणी देत नाही. बर्फ वितळतो तो तिचाच, डिझेल जळतं तेही तिचंच, आणि लिलावात भाव पडतो तो खलाशाच्या वाट्यातून जातो.

सध्या मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते. 61 दिवस जेटीवर मासळीचं काम जवळजवळ थंडावलेलं, आणि मग 1 ऑगस्टला सगळ्या नौका एकदम सुटायच्या तयारीत. वर्षाच्या सरासरीत हे दोन महिनेही धरलेले असतात. पुढच्या वेळी कुणी जेटी किती टक्के वापरात आहे ते सांगायला आलं, तर त्याला विचारा, कुठल्या महिन्यात, आणि भरतीच्या कुठल्या तासाला?