शॅम्पू

शॅम्पू (नाम, पुल्लिंग, इंग्रजीत क्रियापदही) : केस धुण्याचे फेसाळ द्रव्य. आज एवढाच अर्थ सर्वांना ठाऊक असला, तरी इंग्रजीत हा शब्द आला तो क्रियापद म्हणून, आणि तेव्हा त्याचा केस धुण्याशी संबंध नव्हता. १७६२ साली छापलेल्या एका प्रवासवर्णनात तो अंग चेपणे, रगडणे याच अर्थाने आढळतो.

व्युत्पत्ती : हिंदी ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे, ‘चाँपो’ हे त्याचे आज्ञार्थी रूप. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात हेच मूळ दिले आहे. इंग्रजांनी नेमके आज्ञार्थी रूप उचलावे, यात त्या काळचे नाते उघड दिसते. हिंदुस्तानी क्रियापदे साहेबाच्या तोंडी येत ती बहुधा नोकराला केलेल्या हुकमातच. ‘पकडाओ’, ‘बनाओ’ यांपासूनही अँग्लो-इंडियन बोलीत अशीच क्रियापदे घडली. ती विरून गेली, ‘शॅम्पू’ टिकला. हिंदीतली ‘चंपी’ त्याच कुळातली.

ब्रिटनमध्ये हा शब्द रुळवण्याचे मोठे श्रेय शेख दीन मोहम्मद (१७५९–१८५१) यांना जाते. पाटण्यात जन्मलेले हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर वाढले, १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते चालले नाही. पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी स्नानगृह उघडले. तेथे रुग्णाला औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवून फ्लॅनेलच्या तंबूने झाकत, आणि तंबूला लावलेल्या बाह्यांतून हात घालून बाहेरून त्याचे अंग रगडत. संधिवाताचे रुग्ण तेथे गर्दी करत. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपले ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले. केसांच्या शॅम्पूचे जनक म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते, ती मात्र चुकीची आहे. त्यांचे शॅम्पूइंग म्हणजे अंगमर्दन.

अर्थ पालटला तो १८६०च्या सुमारास. अंग रगडण्यावरून शब्द साबणाच्या फेसाने डोके चोळून धुण्यावर आला, आणि लवकरच त्या कामाच्या द्रव्यालाही तेच नाव पडले. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ यांनी १९०३ मध्ये शॅम्पूची पूड विकायला काढली. १९३०च्या दशकात साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालकांचे शॅम्पू आले. गालिचे धुण्यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. फ्रेंचमध्ये मात्र या द्रव्याला आजही ‘शॅम्पूइंग’ असे क्रियावाचक रूपच चालते.

मराठीत शब्द आला तो बाटलीबरोबर, केवळ नाम म्हणून. शिकेकाई आणि रिठा यांची जागा त्याने बऱ्याच अंशी घेतली. अंग चेपण्याचा मूळ अर्थ त्याच्यासोबत आला नाही.

‘चंपा’ म्हणजे चाफ्याच्या फुलावरून हा शब्द निघाला, असेही कोठे कोठे सांगितले जाते. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ पाहता ही व्युत्पत्ती ग्राह्य नाही.