शिजऱ्यात न लिहिलेली नावे

आम्ही चांदूर बाजारच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला मुलांना दरवर्षी एक काम देतो. घरून आपल्या खानदानचा शिजरा लिहून आणा. मुले हौसेने आणतात. अब्बा, दादा, परदादा, कुणाची मजल सहाव्या पिढीपर्यंत जाते. एका वर्षी आम्ही एका मुलीला सहज विचारले, "बेटा, नानी का नाम क्या है?" ती म्हणाली, "नानी." वर्ग हसला. मग तोच प्रश्न आम्ही साऱ्या वर्गाला विचारला, तेव्हा मात्र कुणी हसले नाही. नानीचे नाव ठाऊक असलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

घरी येऊन आम्ही आमचा स्वतःचा शिजरा उघडला. त्यात आठ पिढ्या आहेत आणि बाई एकही नाही. आमच्या परदादीला सारे घर 'शिरजगाववाली' म्हणायचे, कारण तिचे माहेर शिरजगाव कसब्याचे. तिचे खरे नाव काय, हे अब्बांना सांगता आले नाही, फुफींनाही नाही. जिच्या हातची भाकर खाऊन दोन पिढ्या वाढल्या, तिचे नाव तिच्या गावाच्या नावाखाली दडून गेले होते.

आम्ही शोधायला लागलो. आपल्या वऱ्हाडात जुनी नोंद म्हटली की पहिल्यांदा आठवते कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी सगळेच त्याच्या नकला काढतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून बाप, आजा, पणजा यांचे कागद लोक धुंडाळत असतात. आम्ही एका कार्यालयात गेलो, तेव्हा तिथले बाबू म्हणाले, "गुरुजी, बाईच्या कागदाचं काय करता? वडिलांकडचा आणा." तरी आम्ही नोंद काढली. बापाचे नाव होते, गाव होते, तारीख होती. पुढे एकच शब्द होता : 'मुलगी'. जन्माची वर्दी नाव ठेवण्याआधीच दिली जायची, म्हणून अशा नोंदी पुष्कळ आहेत. मुलाचे नाव पुढे शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात तरी येई. जी मुलगी शाळेतच गेली नाही, ती कागदावर कायमची 'मुलगी' राहिली.

ह्या शोधात वंशावळींविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि एका इंग्रज मोलकरणीची हकीकत हाती आली. तिचे नाव मेरी फिशर. आमच्या परदादीच्या अडीचशे वर्षे आधीची ही बाई, आणि तिची नातसुद्धा आज नावानिशी सापडते. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हाला सोडीना.

मेरी फिशर क्वेकर होती. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणुकीतून उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. हे लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. आपल्या सातपुड्यापलीकडे होशंगाबादेत, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, एकोणिसाव्या शतकात त्यांचे मिशन होते. त्यांच्या मूळ रीतीत पाद्री नाही. सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो. बाईलाही बोलण्याचा तेवढाच अधिकार.

मेरी यॉर्कशायरच्या सेल्बी गावी एका घरी नोकर होती. क्वेकर झाली आणि तुरुंगात गेली. १६५३ मध्ये केंब्रिजला तिला आणि तिच्या सोबतिणीला चौकात फटके मारले. जुलै १६५६ मध्ये ती ॲन ऑस्टिन नावाच्या बाईबरोबर बोस्टनच्या बंदरात उतरली. ह्या त्या वसाहतीत आलेल्या पहिल्या क्वेकर. तिथल्या कट्टर प्युरिटन अधिकाऱ्यांनी त्यांची पुस्तके जाळली, चेटकिणीच्या खुणा शोधण्यासाठी त्यांना विवस्त्र करून तपासले, आणि पाच आठवडे कोंडून परत पाठवले. निकोलस अपसॉल नावाच्या म्हाताऱ्या खानावळवाल्याने जेलरला पैसे चारून त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचवले.

दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, हीच बाई उस्मानी सुलतानाला भेटायला निघाली. इंग्रज वकिलातीच्या लोकांनी अडवले, तरी ती ग्रीसच्या मुलखातून एकटी पायी चालत एदिर्नेपर्यंत गेली. तिथे सुलतान चौथा मेहमद याचा तळ होता. सुलतान तेव्हा सोळा वर्षांचा. वजीर कोप्रुलू मेहमद पाशा यांनी भेट ठरवून दिली, आणि परदेशी वकिलाला मिळावा तसा मान देऊन तिला दरबारात नेले. सुलतानाने तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. विल्यम सेवेल या क्वेकर इतिहासकाराने लिहिले आहे की, तिला पैगंबरसाहेबांविषयी (स.) मत विचारले गेले. मी त्यांना ओळखत नाही, असे ती म्हणाली. आपली श्रद्धा तिने लपवली नाही, आणि पैगंबराचे खरेपण त्याचे शब्द खरे ठरतात की नाही यावरून पारखावे, असे सांगितले. दरबाराला ते पटले. परतीला सोबत म्हणून शिपाई देऊ केले, तिने ते नाकारले आणि सुखरूप परतली. पुढे पत्रात तिने तुर्कांविषयी मनापासून प्रेम व्यक्त केले. बोस्टनच्या सहधर्मी ख्रिश्चनांनी जे दिले नाही, ते तिला मुसलमानांच्या दरबारात मिळाले होते.

इथपर्यंतची गोष्ट अनेक पुस्तकांत आहे. आम्हाला ओढ लागली ती पुढच्या भागाची. १६६२ मध्ये तिने विल्यम बेली या दर्यावर्दी क्वेकराशी लग्न केले, तीन मुले झाली. बेली १६७५ मध्ये समुद्रातच वारला. १६७८ मध्ये तिने लंडनच्या जॉन क्रॉस नावाच्या चर्मकाराशी दुसरे लग्न केले आणि कुटुंब अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे गेले. तिथे १६९८ मध्ये ती वारली. मुलगी सुझॅना लग्नानंतर विगिंग्टन झाली. सुझॅनाची मुलगी सोफिया १७०२ मध्ये जन्मली आणि लग्नानंतर ह्यूम झाली. ही सोफिया ह्यूम पुढे स्वतः क्वेकर उपदेशक झाली. १७४८ मध्ये तिचे पुस्तक फिलाडेल्फियात छापले गेले. १७७४ मध्ये तिचे निधन झाले.

फिशर, बेली, क्रॉस, विगिंग्टन, ह्यूम. तीन बायांची पाच आडनावे. दर लग्नाला नाव बदलणारी बाई शोधायची कशी? इथे क्वेकरांच्या सभांची दफ्तरे कामी येतात. त्यांच्या मासिक सभेत जन्म, लग्न आणि दफन लिहून ठेवण्याची शिस्त होती. लग्न करायचे तर दोघांनी सभेपुढे दोनदा इरादा जाहीर करायचा. दोघे दुसरीकडे बांधलेले नाहीत ना, याची चौकशी होई. मग सर्वांसमक्ष दोघे एकमेकांना कबूल करत आणि हजर असलेले सगळे, बायांसुद्धा, त्या कागदावर सही करत. कुणी गाव सोडले तर जुनी सभा नव्या सभेला पत्र देई. कुणी पंथाबाहेर लग्न केले तर त्याला काढून टाकल्याची नोंद होई, आणि ती नोंदच आज वंशजांना धागा देते. बायांच्या सभा वेगळ्या भरत, त्यांची इतिवृत्तेही वेगळी असत. ही दफ्तरे वाचताना एक अडचण येते. क्वेकर महिन्यांना नावे देत नसत, आकडे देत. आणि १७५२ पर्यंत त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च. आपल्याकडच्या जुन्या कागदावरच्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात, तशातलाच हा प्रकार.

पण ह्या दफ्तरांना भुलून जाऊ नये. मेरीच्या मृत्युपत्रात तिच्या मालमत्तेत एक गुलामही आहे. जिने स्वतः फटके सोसले, तिच्याच घरी माणूस मालकीचा होता. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम ठेवणाऱ्याला पंथाबाहेर काढण्याचा निर्णय केला तो १७७६ मध्ये. मेरीची नात सापडते. त्या गुलामाचे आईबाप, बायको, मुले कोणत्या सभेच्या वहीत शोधायची? ज्याला समाज आपला समजतो त्याचेच नाव वहीत येते.

हे वाचताना आम्हाला आपला निकाह आठवत होता. आपल्याकडेही निकाहाला पुरोहित अट नाही. इजाब-कबूल आणि गवाह पुरेत. निकाहनाम्यात दुल्हनचे नाव येते, वलदियत येते, तिचा वकील, गवाह आणि मेहर येते. म्हणजे क्वेकरांच्या वहीत जे आहे, ते जवळजवळ सगळे आपल्याही कागदात आहे. त्यातही आपल्याकडे बाईने निकाहानंतर नाव बदलावे असा दीनचा हुकूम नाही. ती मरेपर्यंत आपल्या बापाची बेटी म्हणूनच ओळखली जाते. इब्ने साद यांनी तिसऱ्या हिजरी शतकात 'तबकात' लिहिले, तेव्हा त्यातला शेवटचा भाग बायांच्या चरित्रांना दिला. हदीसच्या सनदीत बायांची नावे मर्दांच्या बरोबरीने आहेत. ज्या उम्मतने एकेका रावीचे नाव जपले, तिच्या घरांत नानीचे नाव कुणाला ठाऊक नसावे, याची आम्हाला शरम वाटली.

मग आम्ही जवळच्या कसब्यातल्या एका जुन्या काजी घराण्याकडे गेलो. त्यांनी मायेने सारे दफ्तर पुढे मांडले. परदादीच्या निकाहाच्या सुमाराची वही निघाली. उघडली, तर पानांच्या जागी मातीचे थर होते. उधळीने आतून सगळे खाल्ले होते, वरचा पुठ्ठा तेवढा साबूत. काजीसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, दहा साल पहले आते."

आमची परदादी आता सापडणार नाही. हे मान्य करायला आम्हाला बरेच दिवस लागले. पण वाचकहो, तुमच्या घरातली अजून सापडू शकते. कपाटात, लोखंडी पेटीत, जुन्या कुराणशरीफच्या जुजदानात अम्मीचा, नानीचा, दादीचा निकाहनामा असेल. तो काढा. त्याची झेरॉक्स करा. मस्जिदीत किंवा काजीकडे जुन्या वह्या असतील तर चार जणांनी मिळून त्यांचे फोटो घ्या. हे काम सरकारचे नाही, आपले आहे. सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे सक्तीचे केले. त्याआधी जन्मलेल्यांचे काम आपल्यालाच करायचे आहे.

आमच्या वर्गात आता शिजऱ्याला दोन फांद्या असतात, ददियाल आणि ननिहाल. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात वही आणली. नानीचे नाव लिहिले होते, त्याखाली नानीच्या अम्मीचेही. आम्ही विचारले, "किसने बताया?" ती म्हणाली, "नानी ने. किसी ने पूछा नहीं था बोले."