तिवरांचा मालक कोण?

ऐरोलीच्या पुलावरून कधी गेलात, तर खाली खाडीकाठी दाट हिरवा पट्टा दिसतो. ती तिवरं. सरकारी भाषेत कांदळवन. आता मला सांगा, रात्री तिथे कुणी डेब्रिजचा डंपर ओतला, तर फोन कुणाला करायचा?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याला सरळ उत्तरच नव्हतं. जमीन बरीचशी महसूल खात्याची, कुठे सिडकोची, कुठे खाजगी. जंगल सांभाळणारं वन खातं, पण जमीनच ताब्यात नाही तर वन कायदा लावणार कसा? प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव तयार. तोवर भराव पडत राहायचा.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप हायकोर्टात गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला कोर्टाचा अंतरिम आदेश आला. (पुरामुळे आदेश आला असं समजू नका, याचिका आधीचीच होती.) तोड बंद, भराव बंद, भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम बंद. मालकी कुणाचीही असो.

एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला मात्र आदेशातला कंटाळवाणा भाग जास्त मोलाचा वाटतो: उपग्रहाच्या चित्रांवरून तिवरांचे नकाशे करा, सरकारी जमीन वन म्हणून जाहीर करा, वन खात्याच्या हवाली करा. ऐकायला सोपं. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, सर्व्हे नंबर दिसत नाही. तो महसूल आणि भूमी अभिलेखच्या दप्तरात. शिवाय गाळ साचेल तिथे तिवर नव्याने उगवतं, म्हणजे जुना नकाशा पुन्हा चुकीचा! एकट्या खात्याच्या आवाक्यातलं हे कामच नव्हे.

२०१२ मध्ये वन खात्यात खास कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. तरी सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की सरकारी जमिनी वन खात्याला द्या. तेरा वर्षांनी! देखरेखीला मग कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आली, म्हणजे सगळी खाती एका टेबलाशी.

तर तो फोन? जमीन वन खात्याकडे आली असेल तर कांदळवन कक्षाला, नसेल तर तहसीलदारांना किंवा पोलिसांना. आणि फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. सर्व्हे नंबर शोधायला तेच कामाला येतं.