प्रोब कोणाच्या हातात? सोनोग्राफर नावाच्या पेशाची गोष्ट

लोकलमध्ये लटकत असाल, एसटीत खिडकीपाशी बसला असाल, नाहीतर भांडी घासताना एका कानात इअरफोन असेल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. मधलं अं-ऊं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजमधून आला. बारावी सायन्स झालेली मुलगी आहे. तिचा प्रश्न असा: "दादा, अमेरिकेत सोनोग्राफर होण्यासाठी युनिव्हर्सिटीची डिग्री असते. मला तेच करायचंय. आपल्याकडे हा कोर्स कुठे आहे?"

छोटं उत्तर एका ओळीचं आहे. आपल्याकडे डॉक्टर न होता सोनोग्राफी करण्याचा रस्ता आज नाही. पण तो का नाही, हे सांगायला ग्लासगो, सिएटल, मुंबई, कोल्हापूर असा फेरफटका मारावा लागतो. आणि मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला या गोष्टीत एक जुना, ओळखीचा वाद दिसतो: काम मशीनचं, की मशीन चालवणाऱ्याचं?

मांसाचा तुकडा आणि बॉयलरचा कारखाना

सुरुवात स्कॉटलंडमधून. इयन डोनाल्ड हे ग्लासगोमधले स्त्रीरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये होते, त्यामुळे रडार आणि सोनार ही प्रकरणं त्यांना माहीत होती. कारखान्यांत तेव्हा लोखंडाच्या आतली बारीक चीर शोधायला अल्ट्रासाउंड वापरायचे. आवाज आत सोडायचा आणि प्रतिध्वनी कुठून येतो ते बघायचं. डोनाल्डना वाटलं, लोखंडात चालतं तर पोटात का नाही?

जुलै १९५५ मध्ये ते रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. सोबत काय नेलं? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी! आणि तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथे दिसलं.

आता एन्ट्री एका इंजिनीयरची. टॉम ब्राऊन, केल्विन अँड ह्यूज कंपनीतला विशीतला मुलगा. शहरातला कुणी प्रोफेसर आपल्या कंपनीचं चिरा शोधायचं मशीन माणसांवर वापरतोय हे त्याला कळलं. त्याने फोनबुकात नंबर शोधला आणि सरळ फोन लावला. पुढे डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन या तिघांचा लेख ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट'मध्ये आला. आज गल्लोगल्लीच्या सोनोग्राफी सेंटरची वंशावळ मागे नेलीत तर या लेखापाशी पोचते. त्या काळातली एक केस तर प्रसिद्धच आहे. एका बाईला पोटाचा असा कॅन्सर झालाय की आता ऑपरेशन करून उपयोग नाही, असं निदान झालं होतं. अल्ट्रासाउंडमध्ये दिसली अंडाशयाची पाण्याने भरलेली गाठ. ती काढली आणि बाई वाचली.

इंजिनीयरला माणूस नको होता

इथून गोष्ट खरी रंगते. ब्राऊनला एक काळजी होती. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते उपकरण, प्रत्येक माणूस वेगवेगळ्या पद्धतीने फिरवणार. मग निकालही वेगवेगळे येणार. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटच प्रत्येक वेळी वेगळा असेल तर आउटपुटवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून त्याने १९६० च्या सुमारास एक ऑटोमॅटिक स्कॅनर बनवला. त्यात मशीन स्वतःच प्रोब पोटावर फिरवायचं. माणसाचा हात बाजूला!

पण मशीन अवाढव्य आणि महागडं झालं. त्यानंतर बाजारात जी मशीन्स चालली ती हाताने चालवायची होती. ऑटोमेशन हरलं, हात जिंकला.

आणि तो हात कोणाचा असू शकतो, याची झलक ग्लासगोच्या वॉर्डमध्ये आधीच दिसली होती. तिथल्या सिस्टर मार्जरी मार प्रोफेसरांचा राउंड यायच्या आधी मशीन लावून बाळाचं डोकं नेमकं कुठे आहे ते बघून ठेवायच्या. डॉक्टर नसलेली व्यक्तीही हे उत्तम करू शकते, हे कुठल्याही कमिटीच्या रिपोर्टशिवाय तिथे सिद्ध झालं होतं.

हात एवढा महत्त्वाचा का?

थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. प्रोबमधला क्रिस्टल विजेचा झटका बसला की थरथरतो आणि आवाज सोडतो. हा आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा, सेकंदाला लाखो कंपनांचा. शरीराच्या मऊ भागात तो सेकंदाला सरासरी १५४० मीटर वेगाने जातो, असं मशीन गृहीत धरतं. म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला साधारण १३ मायक्रोसेकंद. परत यायला किती वेळ लागला यावरून मशीन खोली काढतं आणि स्क्रीनवर ठिपका टाकतं.

पण 'गृहीत धरतं' हा शब्द पकडा. शरीर गृहीतकं पाळत नाही. पित्ताशयात खडा असेल तर त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण आवाज पुढे जातच नाही. पाण्याने भरलेल्या गाठीच्या मागचा भाग उगाच जास्त उजळ दिसतो. कधी एकच गोष्ट दोनदा दिसते. आतड्यातली हवा तर सगळं चित्रच झाकून टाकते. खरी गाठ कुठली आणि मशीनचा भास कुठला, हे त्याच क्षणी ओळखावं लागतं. प्रोब थोडा तिरका करायचा, पेशंटला कुशीवर वळायला सांगायचं, श्वास रोखायला लावायचं.

सीटी स्कॅनमध्ये सगळा भाग एकदम टिपला जातो. नंतर दुसरा डॉक्टर दुसऱ्या शहरात बसून तो तपासू शकतो. सोनोग्राफीत जे प्रोबखाली आलंच नाही, ते जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला नंतर दिसणार नाही. डेटा घेतानाच निम्मं निदान होतं. म्हणून 'बटण दाबणारा टेक्निशियन' ही कल्पना इथे चालत नाही. शिकलेला माणूसच हवा.

सिएटलची जोन बेकर

अमेरिकेत १९६० च्या दशकात ही मशीन्स पसरली. ती चालवायची कोणी? डॉक्टरांना वेळ नव्हता. मग एक्स-रेवाले, नर्स, लॅबवाले, जो हाताशी असेल तो शिकला. बघून बघून, करून करून. ना अभ्यासक्रम, ना परीक्षा, ना पेशाला नाव.

मूळच्या ब्रिटिश आणि सिएटलमध्ये काम करणाऱ्या जोन बेकर यांनी या विखुरलेल्या लोकांना एकत्र आणण्यात पुढाकार घेतला. १९७० मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. आज ती सोसायटी ऑफ डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफी म्हणून ओळखली जाते. १९७४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 'डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर' हा स्वतंत्र पेशा म्हणून मान्य केला. १९७५ मध्ये परीक्षा घेणारी स्वतंत्र नोंदणी संस्था आली. क्रम बघा: आधी माणसं, मग संघटना, मग नाव, मग परीक्षा. त्यानंतर कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्यांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम.

आज तिकडे दोन वर्षांचे कोर्स आहेत आणि चार वर्षांची पदवीही, उदाहरणार्थ सिएटल युनिव्हर्सिटीत. शिकवतात काय? ध्वनीचं भौतिकशास्त्र, शरीराची आडवी-उभी काप करून शिकायची रचना, आजार, आणि हॉस्पिटलमध्ये महिनोन्महिने प्रत्यक्ष काम. नोंदणीसाठी एक पेपर भौतिकशास्त्र आणि मशीनचा, दुसरा पोट, प्रसूती, हृदय किंवा रक्तवाहिन्या अशा निवडलेल्या विषयाचा. गंमत म्हणजे बहुतेक राज्यांत सरकारी लायसन्स लागतच नाही. पण नोंदणी नसेल तर चांगली नोकरीही नाही. रिपोर्टवर शेवटची सही मात्र डॉक्टरचीच. ब्रिटनमध्ये तर याच्याही पुढे: तिथे बहुतेक जण आधी रेडिओग्राफीची पदवी आणि मग अल्ट्रासाउंडचं पदव्युत्तर शिक्षण घेतात, आणि रिपोर्टही स्वतः लिहितात.

या कामाची किंमतही सांगितली पाहिजे. दिवसभर हात उचलून प्रोब दाबल्याने खांदा, मान, मनगट जातं. सोनोग्राफर लोकांचं हे दुखणं जोन बेकर यांनीच पुढे लावून धरलं.

आपल्याकडे वाट कुठे वळली

आता घरी येऊ. १९७० च्या दशकात भारतात गर्भजल तपासणी आली. हेतू होता बाळातले दोष शोधण्याचा, वापर सुरू झाला मुलगी आहे का ते बघायला. आत्ता थोडे खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे लागायच्या. याविरुद्ध १९८० च्या दशकात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते एकत्र आले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. हे आपण अभिमानाने सांगायला हवं. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला.

तोपर्यंत सोनोग्राफी स्वस्त झाली होती. सुई नको, दुखणं नको, पाच मिनिटांत काम. कायदा कागदावरच राहिला, म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. प्रत्येक मशीनची नोंद, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, आणि प्रोब फक्त ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरच्याच हातात. भिंतीवरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी त्यातूनच आली.

आकडे बघितले की हा कडकपणा समजतो. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये फक्त ८०७. हजारामागे जवळजवळ दोनशे मुली कमी. हे वाचून पुढे स्क्रोल करू नका, क्षणभर थांबा.

आपल्या लाइनमधल्या लोकांसाठी एक गोष्ट. कोल्हापूरमध्ये लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र सोनोग्राफी मशीनना जोडलं गेलं. मशीनवर काय दिसलं त्याचं रेकॉर्डिंग ठेवणारं. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, पण २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते उचलून धरलं.

थोडक्यात, अमेरिकेत प्रश्न होता 'हे काम नीट कोण करेल?' आणि उत्तर म्हणून पदवी आली. आपल्याकडे प्रश्न होता 'हे मशीन गैरवापरापासून कसं वाचवायचं?' आणि उत्तर म्हणून कुलूप आलं. प्रश्न वेगळे, म्हणून पेशाही वेगळा घडला. किंवा घडलाच नाही.

कुलूप बरोबर, पण दार?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. कुलूप गरजेचं होतं आणि आहे. पण किल्ली डॉक्टरकडे दिली म्हणून मुली वाचल्या, असं आकडे म्हणत नाहीत. २०१२ मध्ये परळीचं प्रकरण उघड झालं, तिथले आरोपी डॉक्टरच होते. जे काही थांबलं ते नोंदींमुळे, तपासणीमुळे, पकडले जाण्याच्या भीतीमुळे. पदवीमुळे माणूस प्रामाणिक होत नाही, रेकॉर्डमुळे निदान सावध तरी होतो.

दुसरी बाजूही आहे. रेडिओलॉजिस्ट शहरात असतात. आडगावातल्या गरोदर बाईला सोनोग्राफीसाठी तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला जावं लागतं. त्या दिवसाची मजुरी बुडते. सरकारलाही हे जाणवलं असावं. २०१४ मध्ये एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या, ३०० तासांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. ते २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रद्द केले, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. नीट बघा, हा सगळा वाद कोणता डॉक्टर एवढ्यापुरताच होता.

पण २०२१ मध्ये एक गोष्ट गुपचूप घडली. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी संसदेने नवा कायदा केला. त्याच्या यादीत रेडिओलॉजीच्या पोटात एक नाव आहे: डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर. म्हणजे एक कायदा नाव देतो, दुसरा कायदा हातात प्रोब देत नाही. या दोन कायद्यांची गाठ घालणं हे पुढचं काम आहे. हृदय, रक्तवाहिन्या, थायरॉइड, स्नायू अशा तपासण्यांपासून सुरुवात, डॉक्टरची देखरेख आणि प्रत्येक स्कॅनचं रेकॉर्ड, असा काही मार्ग निघू शकतो असं मला वाटतं. कोल्हापूरने तंत्रज्ञान दाखवलंय, अमेरिकेने अभ्यासक्रम दाखवलाय.

तर ज्या श्रोतीने विचारलं तिच्यासाठी सरळ सांगतो. इथेच राहून आज सोनोग्राफी करायची असेल तर नीट, एमबीबीएस, मग रेडिओलॉजी, हा लांबचा रस्ता आहे. मेडिकल इमेजिंगची बीएस्सी केलीस तर एक्स-रे, सीटी, एमआरआय हातात येतं, सोनोग्राफी नाही. बाहेर शिकायचं असेल तर कोर्सची मान्यता आणि त्याने कुठली नोंदणी परीक्षा देता येते, हे आधी तपास, फी नंतर बघ. आणि कोर्सच्या जाहिरातीत कुणी 'सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन' म्हणत असेल तर त्याला एकच प्रश्न विचार: या सर्टिफिकेटवर मला कायद्याने प्रोब हातात घेता येईल का?

उत्तर ऐकून मला नक्की कळव. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा!